परीक्षेच्या कुर्त्याचा चोरखिसा

मे महिना लागला की आमच्या दुकानात दोन वास एकदमच घुसतात. एक कोऱ्या टेरीकॉटचा, खळीचा, नाकात खाजवणारा. दुसरा समोरच्या कडुलिंबाच्या मोहराचा. त्याची बारीक फुलं वाऱ्यावर उडत येतात आणि नेमकी मशीनच्या सुईखाली पडतात. मी फुंकर मारते, पायडलवर पाय ठेवते, आणि हे काउंटरवर बसून मला पेपर वाचून दाखवतात. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण पेपर मी स्वतःच्या डोळ्यांनी फार कमी वाचलाय. माझे डोळे सुईला लागतात. बातम्या सगळ्या यांच्या आवाजातच येतात, आणि हेही असे की मोठ्या बातम्या सोडून आतल्या पानावरच्या बारक्या निवडतात.

"ऐक," हे परवा म्हणाले. "कुण्या एका शाळेनं अख्खा वर्ग घरी धाडला. का? तर बूट काळेच होते, पण तळवे पांढरे निघाले."

"आता तळवे कसे दिसले म्हणते मी?"

"पोरं उताणी झोपवली असतील."

मग दुसरी. एका शाळेनं डब्याचं वेळापत्रक काढलं. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी मोडाची मटकी, बुधवारी अमुक. मोड किती लांब ते लिहिलं नव्हतं, एवढंच आयांचं नशीब. आणि तिसरी तर अशी, की एका गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं आणि टाकीतच पाणी नव्हतं. मग टँकर आणला, पाहुण्यांनी तोटी फिरवली, फोटो निघाला, टँकर परत गेला. हसता हसता माझा दोरा तुटला.

पण शाळांच्या नियमांना मी कुठल्या तोंडानं हसू? पंचवीस वर्षं झाली, लातुरात मी शाळांचे युनिफॉर्म शिवते. शाळेचा नियम पोरांच्या कानावर जाण्याआधी माझ्या टेपवर येतो. कॉलर गोल की टोकाची, चुण्या चार की सहा, पट्टा त्याच कापडाचा की वेगळा. एका शाळेच्या मोठ्या बाईंनी नियम काढला होता, स्कर्ट गुडघ्याखाली चार बोटं. मी विचारलं, "मॅडम, कुणाची बोटं?" त्यांना आधी राग आला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मुकाट्यानं आपला पंजा माझ्या कटिंगच्या टेबलावरच्या कागदावर ठेवला आणि मी खडूनं त्याच्याभोवती रेघ मारली. तो कागदी पंजा अजून खिळ्याला टांगलाय. बाई रिटायर झाल्या, पण त्यांच्या चार बोटांनी स्कर्ट चाललेत.

त्याच बाईंनी मुलींच्या पिनोचा, म्हणजे शर्टावरून घालायच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकचा, खिसा बंद केला. म्हणे मुली त्यात चिंचा ठेवतात. मुलांच्या चड्डीला दोन आणि शर्टाला एक असे तीन खिसे तसेच राहिले, त्यात ते गोट्या ठेवोत नाहीतर बेडूक. मग एकेक आई यायची, टेबलावर वाकायची आणि हळूच म्हणायची, "मावशी, आतून एक बारका ठेवा की. पोरगी रुमाल कुठं ठेवंल?" असा माझा चोरखिसा सुरू झाला. बाजूच्या शिवणीत, अस्तराच्या आत, बाहेरून बघितलं तर सुरकुतीसुद्धा नाही. मोठ्या बाईंनी किती मुली तपासल्या, एक खिसा सापडला नाही. मला त्याचा लई गर्व होता, आता लपवून काय करू?

शाळेच्या आधी मात्र मोसम येतो तो परीक्षेच्या कुर्त्याचा. बारावीनंतर डॉक्टरकीची जी परीक्षा असते तिच्यासाठी गावोगावच्या पोरी आमच्या भागात खोल्या करून राहतात. औसा, हदगाव, देगलूर, कुठून कुठून. पाठीवर विटांच्या वजनाची दप्तरं, हातात मेसचा डबा, आणि ओठ सारखे हलत असतात. स्वतःशीच धडे म्हणत रस्ता ओलांडतात. मोटारसायकलवाले बिचारे कचाकच ब्रेक मारून थांबतात, लातूरकरांना त्याची सवय झालीय. या परीक्षेला जाताना पूर्ण बाही चालत नाही, मोठं बटण चालत नाही, खिसा नाही, जरी नाही, बूट नाही. म्हणून पोरी माझ्याकडे येतात आणि एकच कपडा शिवून घेतात. लग्नाच्या शालूला बघत नाहीत इतक्यांदा आरशात बघतात. सुंदर दिसतोय का म्हणून नव्हे, संशय येण्यासारखं काही दिसतंय का म्हणून.

काल एक आली होती. तिनं हात वर केले, गोल फिरली आणि मला म्हणाली, "मावशी, मी चोर दिसून राहिले का?" मी म्हणलं, "बाई, तू उपाशी दिसून राहिलीस, आधी बस आणि चहा घे." तिच्यावरून मला आमची भागू आठवली. तिचा तो उन्हाळा काही माझ्या डोक्यातून जात नाही.

भागू म्हणजे भाग्यश्री, माझ्या नणंदेची मुलगी, नांदेडकडच्या उमरीची. घरी सोयाबीन आणि हळद. दोन वर्षं ती आमच्याकडे राहून शिकली. वरच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी बूड टेकवत नाही असं ऊन, तर ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन वाचायची. नळाला पाणी येण्याचा दिवस तिला माझ्याआधी ठाऊक असायचा. हंडे भरता भरता ती हाडांची नावं म्हणायची, आणि मग यांनाही ती पाठ झाली. गिऱ्हाइकाचा खांदा मोजताना हे एकदा त्याला त्या हाडाचं इंग्रजी नाव सांगून बसले. गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "काय निघालं का काय तिथं?"

आम्ही लिंगायत. भागूनं अकराव्या वर्षी स्वामींकडून दीक्षा घेतली तेव्हापासून तिच्या गळ्यात लिंग आहे. पांढऱ्या दोऱ्यात चांदीची डबी आणि डबीत ते काळं, गुळगुळीत, करवंदाएवढं लिंग. सकाळी आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मग गळ्यात परत. अंगावेगळं करायचं नाही आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. आजकाल सगळे एवढं पाळत नाहीत. भागू पाळायची. त्याचं तिनं कधी कौतुक सांगितलं नाही की दुसऱ्याला कधी टोकलं नाही.

परीक्षेला आठ दिवस राहिले आणि तिच्या क्लासमधल्या मैत्रिणींनी तिला घाबरवून सोडलं. मागच्या वर्षी म्हणे गेटवर एकीचा काळा दोरा कात्रीनं कापला. एकीची नथ काढताना रक्त आलं. धातू दिसला की काढ, दोरा दिसला की काप. भागू खाली आली, माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "मामी, लिंग काढून ठेव म्हणले तर मी परीक्षेला बसणार न्हाई."

"अगं बये, दोन वर्षं घातलीस."

"हाव. पुढच्या वर्षी पुन्हा घालीन."

"आणि पुढच्या वर्षीबी काढ म्हणले तर?"

तिनं गळ्यातली डबी मुठीत धरली. उमरीला तिचे काका-काकू, शेजारीपाजारी सगळे आधीच तिला डॉक्टरीणबाई म्हणून हाका मारायला लागले होते, आणि ही पोरगी गेटवरून परत यायची तयारी करून बसली होती. मला धड रागही येईना. देवासाठी हटून बसलेल्या पोरीवर रागवायचं तरी कसं?

आणि मग मला माझी अक्कल सुचली. मी म्हणलं, "तू गप बस. तुझी मामी कोण हाय?"

परीक्षेचं पत्रक मी नजरेखालून घातलं होतं. म्हणजे कपड्याचं तेवढं. बाही, बटण, खिसा. कसाई जसा जनावर बघतो तसं मी कागद बघते, मला लागतं तेवढंच. बाकीच्या ओळी मला दिसल्याच नाहीत. मी भागूला फिकट आकाशी सुती कुर्ता शिवला आणि आतून डाव्या बाजूला, छातीपाशी, एक चोरखिसा. पंचवीस वर्षांतला सगळ्यात सुबक. डबी चांदीची, ती यंत्रासमोर वाजणार. म्हणून डबी ठेवायची माझ्या पर्समध्ये, आणि नुसतं लिंग पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळून खिशात. खिशाचं तोंड तुरपाई घालून बंद. अंगावरही राहिलं, छातीशीही राहिलं, आणि कुणाच्या बापाला पत्ता नाही. यांनी बघितलं आणि म्हणाले, "तू आधीच्या जन्मी स्मगलर होतीस." मला ती तारीफच वाटली.

परीक्षेचा रविवार. केंद्र नांदेडला. पहाटेच्या एसटीनं भागू आणि मी निघालो. भागूच्या आईला आम्ही येऊ दिलं नाही, ती आली की रडते आणि मग भागू रडते. नांदेडला उतरलो तेव्हाच डांबर मऊ झालं होतं. केंद्राच्या गेटबाहेर जत्रा होती नुसती. बाप लोक पोरांच्या बुटांचे जोड हातात धरून उभे. एक आई ब्लेडनं पोराच्या शर्टाची बाही उसवत होती, वेडीवाकडी. माझ्या हाताला खाज सुटली, पुढे होऊन मी ती सरळ कापून दिली. लगेच आणखी दोघे बाह्या पुढे करून उभे राहिले. मी असल्या मोठ्या नियमाच्या दारात हातात कात्री घेऊन हसत खेळत काम करत होते, आणि भागू रांगेत पुढे सरकत होती.

गेटच्या आत, डाव्या हाताला, कापडी पडद्याचा आडोसा होता. मुलींना तिथं तपासत होते. भागू आत गेली. एक मुलगी बाहेर आली, दुसरी आली, तिसरी आली. भागू येईना. गेटवरचा शिपाई ओरडला, "दीड वाजता गेट बंद! मग देव आला तरी उघडणार न्हाई!" माझ्या मोबाईलवर सव्वा वाजून गेला होता.

पडद्यातून एक बाई बाहेर आल्या. पिवळी सुती साडी, गळ्यात ओळखपत्र, हातात ते ऊं करणारं यंत्र. घामानं बेजार झाल्या होत्या. म्हणाल्या, "ह्या भाग्यश्रीसोबत कोण आहे?"

"मी. मामी हाय तिची."

"आत या. तुम्हीच हो, बाकी कुणी नाही." आणि पडद्याआड गेल्याबरोबर त्यांनी विचारलं, "हे कुणी शिवलं?"

भागू भिंतीला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक. बाईंनी कुर्त्यावरून बोट ठेवलं, नेमकं त्या जागी. "यंत्र वाजलं नाही. पण हाताला गाठ लागली. आतून खिसा, वरून शिवलेला, आत काहीतरी टणक. गेल्या वेळी एका केंद्रावर कानात घालायचं मशीन असंच शिवून आणलं होतं म्हणतात. आता मी काय समजू? वर कळवलं तर हिची परीक्षा इथंच संपली."

लातुरात कुणाला न सापडलेला माझा खिसा, तो सापडला आणि पोरीच्या गळ्याशी आला. मी म्हणलं, "बाई, मी शिवलं. तिची काही चूक न्हाई. ती तर न्हाईच येणार म्हणली होती." आणि मी धडाधडा सगळं सांगत सुटले. स्वामी, दीक्षा, दोरा, मैत्रिणी, पिनो, चिंचासुद्धा सांगितल्या असतील.

बाई म्हणाल्या, "उसवा."

कात्री हातातच होती. तुरपाई मी अशी घट्ट घातली होती की मलाच टोक सापडेना. चार टाके सुटले, आणि भागूनं स्वतः फडकं काढलं, डाव्या तळहातावर ठेवून उलगडलं. मी पर्समधून चांदीची डबी काढून दाखवली. बाई खाली वाकल्या. बघितलं. हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"मी हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "तूच फिरव, मला सगळीकडून दिसू दे."

भागूनं फिरवलं.

"आता डबीत घाल आणि गळ्यात अडकव."

"बाई, डबी वाजंल," मी म्हणलं.

"वाजू द्या की. वाजलं की उघडून बघायचं, एवढंच माझं काम. पत्रकात स्वच्छ लिहिलंय, धर्माची काही वस्तू अंगावर असेल तर जरा लवकर या, तपासून सोडतो. सकाळपासून किती जणी तशा आत गेल्या. गळ्यात उघडं घालून आली असती तर मी दोन मिनिटंसुद्धा थांबवलं नसतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खिसा मात्र फार छान शिवता हो तुम्ही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. भागू पळत सुटली. पायरीवर तिची सपात निसटली, ती तशीच हातात घेऊन पळाली. मी बाहेर आले आणि मागे गेट बंद झालं, दीडच्या ठोक्याला. बाहेर राहिलेल्या एका बापानं कपाळाला हात लावला आणि मी खाली बसले, तिथंच, धुळीत.

त्या दुपारी मी खूप विचार केला. दुसरं करण्यासारखं होतं काय? आयुष्यभर मी नियम करणाऱ्यांना हसले. चार बोटांच्या, चिंचांच्या त्या मोठ्या बाईंना. आणि इथं यंत्र घेऊन उभ्या असलेल्या बाईनं माणसासारखं बघितलं, अतिशहाणपणा केला तो मी. नसलेला नियम मी आपल्या भीतीनं तयार केला, आपणच तो मोडायची युक्ती काढली, आणि तीच युक्ती पोरीला नडली. आपल्याकडं म्हणतातच की, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. शाळाही बहुतेक अशाच घाबरत असतील. कुण्या काळी एका पोरीनं चिंच खाल्ली असेल आणि वहीवर डाग पडला असेल, की झाले खिसे बंद. हे आठवून मला त्या मोठ्या बाईंची थोडी कीवच आली. भूक लागली म्हणून मी गाड्यावरची भजी घेतली, दोन प्लेट खाल्ली, वर चहा प्याले. जिवावरचं टळलं की मला अशी भूक लागते.

भागूचा त्या वर्षी आयुर्वेदाला नंबर लागला. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे, आणि फोनवर मला त्रिफळा घ्या म्हणून दम देते. पण तो निकाल आला तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते पाच वाजता गेट उघडल्यानंतरचं.

पोरं लोंढ्यानं बाहेर आली. जो तो विचारत होता, कसा गेला, किती सोडवले. भागू आली ती सरळ गेटसमोरच्या कडुलिंबाखाली माझ्यापाशी. डबी कुर्त्याच्या वर होती, उघडी. उसवलेला खिसा आतून लोंबत होता. चेहरा अगदी उतरलेला. मी पिशवीतून डबा काढला, पहाटे केलेला चुरमुऱ्यांचा सुशीला तिच्यापुढे धरला. झाकण उघडलं तर डबा काठोकाठ भरलेला, चमचासुद्धा लागला नव्हता. मला वाटलं होतं गाडीत मी पेंगले तेव्हा तिनं खाल्ला असेल.

"भागे! काहीच खाल्लं न्हाईस?"

"पूजा झाली नव्हती ना, मामी."

मग माझ्या लक्षात आलं. पहाटे ती आंघोळ करून आली तेव्हा म्हणाली होती, "मामी, जरा थांबा ना." मी म्हणलं, "बस जाईल," आणि तिच्या अंगावरच तुरपाई घालून गाठ मारली. ती पूजेसाठी थांबा म्हणत होती, आणि एकदा लिंग खिशात शिवल्यावर पूजा होणार कशी? मी ऐकलंच नाही. आदल्या संध्याकाळच्या भाकरीवर या पोरीनं तीन तास पेपर लिहिला, चाळीसच्या वरच्या उन्हात, आणि कुणाला एक शब्द बोलली नाही. गेटवर तिला तपासायला यंत्र होतं, शिपाई होता, पत्रक होतं. हे तपासायला कुणीच नव्हतं. खाल्लं असतं तर कुणाला कळलं असतं? मला गाड्यावरची भजी आठवली आणि एकदम रडूच आलं.

"रडू नका की," भागू म्हणाली. "पाणी हाय का थोडं?"

तिनं तिथंच मांडी घातली. डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. भोवती मोटारसायकली सुरू होत होत्या, बाप लोक उत्तरं जुळवत होते. मी बाटली तिरकी करून बारीक धार सोडली. विभूती नव्हती. तिनं खाली पडलेल्या मोहरातलं एक फूल उचललं, फुंकलं आणि वाहिलं. मग डोळे मिटण्याआधी म्हणाली, "मामी, तुमीबी करा की संगंच."

माझं देवघरात होतं. मशीनवर वाकलं की डबी मध्ये येते, म्हणून कधीतरी काढून ठेवलं होतं. किती वर्षं झाली ते मी मोजलंही नव्हतं. मी म्हणलं, "माझं घरी हाय, भागू." ती फक्त "बरं" म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. मी धार सोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा चहा गाळला. कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"काय झालं?" हे म्हणाले. "साखर कमी पडली का?"

"न्हाई," मी म्हणलं. "आंघोळ करून येते. आधी पूजा."